ज्ञान व्यवस्थापन

ज्ञान व्यवस्थापन म्हणजे एखाद्या संस्थेत किंवा व्यवसायात कामातून निर्माण होणारे ज्ञान ओळखणे, ते टिकवणे, ज्याला ज्या वेळी त्याची गरज असेल त्याच्यापर्यंत ते त्या वेळी पोहोचवणे आणि कालबाह्य झालेला भाग बाजूला काढणे, या प्रक्रियांचा समुच्चय होय. व्यवस्थापनशास्त्राची स्वतंत्र शाखा म्हणून हा विषय १९९० च्या दशकात नावारूपास आला. संगणकांच्या प्रसारामुळे या विषयाकडे पुष्कळदा केवळ साठवणुकीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या अपयशांची सविस्तर चौकशी झाली आहे त्यांपैकी अनेकांत असे आढळते, की आवश्यक ती माहिती संस्थेपाशी लेखी स्वरूपात होतीच. मात्र ती वापरणाऱ्याच्या हाती पडली नव्हती, किंवा हाती पडूनही इतर माहितीच्या गर्दीत दिसेनाशी झाली होती. त्यामुळे माहितीचा अतिभार टाळणे हा ज्ञान व्यवस्थापनाचा जोडविषय नसून त्याचाच गाभ्याचा भाग मानला जातो.

संज्ञा आणि व्याप्ती

या विषयात विदा, माहिती आणि ज्ञान असा भेद केला जातो. नोंदलेले सुटे आकडे किंवा निरीक्षणे म्हणजे विदा. त्यांना संदर्भ मिळाला की माहिती. आणि त्या माहितीच्या आधारे काय करावे हे कळणे म्हणजे ज्ञान. एखाद्या यंत्राचे तापमान ९० अंश आहे ही विदा, ते नेहमीपेक्षा जास्त आहे ही माहिती आणि अशा वेळी कोणता पंप आधी तपासावा हे ठाऊक असणे हे ज्ञान. हा भेद समजावून सांगण्यास सोपा असला तरी व्यवहारात या पायऱ्या इतक्या स्वच्छ वेगळ्या काढता येत नाहीत. अनुभवी माणसाला आकडा पाहताक्षणीच कृती सुचते.

दुसरा भेद व्यक्त आणि अव्यक्त ज्ञानाचा आहे. नियमपुस्तिका, आराखडे, हिशेब, अहवाल यांत मांडता येते ते व्यक्त ज्ञान. हाताच्या सवयीत, नजरेत आणि अंदाजात जे राहते ते अव्यक्त ज्ञान. हंगेरीत जन्मलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलान्यी यांनी १९५८ आणि १९६६ मधील आपल्या ग्रंथांत या दुसऱ्या प्रकाराचे विवेचन केले. माणूस शब्दांत सांगू शकतो त्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र होय.

जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी हा विचार उद्योगजगतात आणला. त्यांनी दिलेले पाव भाजण्याच्या घरगुती यंत्राचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८५ मध्ये ओसाका येथील मात्सुशिता कंपनीचे अभियंते असे यंत्र तयार करत असताना पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. कणकेची क्ष-किरण चित्रे काढून तुलना करूनही कारण उमगेना. अखेरीस कंपनीतील एक संगणक आज्ञावलीकार महिला शहरातील एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाव-कारागिराकडे उमेदवारी करू लागली. तो कणीक मळताना तिला विशिष्ट प्रकारे ताणतो, हे तिच्या लक्षात आले. त्या कारागिराने ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नव्हती. ती सांगण्यासारखी आहे असे त्याला वाटण्याचेही कारण नव्हते. यंत्राच्या आतील रचनेत तसा बदल केल्यावर पाव जमला. नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचा या विषयावरील ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्वपीठिका

व्यवसायाचे ज्ञान जतन करण्याच्या पद्धती या शास्त्रापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. महाराष्ट्रातील पारंपरिक हिशेबपद्धतीत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने टिपला जाई. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवला जाई. पहिली वही घडले ते सांगते, दुसरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. ‘अमक्याकडून किती येणे आहे’ हे शोधण्यासाठी वर्षभराची रोजकीर्द चाळावी लागू नये, एवढ्यासाठी खतावणीचा खटाटोप असे. आजच्या अनेक कार्यालयांतील संगणकीय साठे हे खतावणी नसलेल्या रोजकीर्दीसारखे आहेत, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. ग्रंथालयाची थोरवी ग्रंथसंख्येवरून न ठरवता वाचकाला हवे ते किती लवकर मिळते यावरून ठरवावी, हा त्यातील अभिप्राय पुढे ज्ञान व्यवस्थापनाच्या विचारात वेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला.

‘ज्ञानकर्मी’ या कल्पनेचा उगम व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या १९५९ मधील लेखनात सापडतो. १९९० च्या दशकात मोठ्या सल्लागार कंपन्यांनी आणि उद्योगसमूहांनी या कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले. १९९६ मध्ये जागतिक बँकेचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी बँकेने ‘ज्ञान बँक’ व्हावे असे उद्दिष्ट जाहीर केले. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थात्मक ज्ञानाविषयीचे कलम आले आणि २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ हे या विषयाचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध झाले.

माहितीचा अतिभार

आलेल्या माहितीचे प्रमाण ती समजून घेण्याच्या माणसाच्या क्षमतेपेक्षा वाढले, की निर्णयाचा दर्जा खालावतो. या स्थितीला माहितीचा अतिभार म्हणतात. अमेरिकी अभ्यासक बर्ट्रम ग्रॉस यांनी १९६४ मध्ये ही संज्ञा वापरली; ॲल्विन टॉफ्लर यांच्या १९७० मधील ‘फ्यूचर शॉक’ या ग्रंथामुळे ती सर्वतोमुखी झाली.

या प्रश्नाची सर्वांत मूलगामी मांडणी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्ये केली. माहिती ही वाचणाऱ्याचे अवधान खर्च करते. म्हणून माहितीची सुबत्ता आली की अवधानाची टंचाई अटळ असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून त्यांनी एक व्यावहारिक निकष काढला. संस्थेत बसवलेली नवी माहितीयंत्रणा जेवढे बाहेर टाकते त्यापेक्षा अधिक स्वतःत रिचवत असेल, म्हणजे तिच्यामुळे माणसाला वाचावे लागणारे प्रमाण घटत असेल, तरच ती उपयोगाची. अहवाल पाठवणाऱ्याला प्रत पाठवण्याचा खर्च जवळजवळ काहीच येत नाही. वाचण्याचा खर्च मात्र प्रत्येक वाचकाला स्वतंत्रपणे सोसावा लागतो. ई-मेलच्या काळात ही विषमता अधिकच वाढली.

थ्री माईल आयलंडचा धडा

न पोहोचलेले ज्ञान आणि न पेलणारी माहिती, या दोन्ही दोषांचे एकत्रित उदाहरण म्हणून अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुविद्युत केंद्रातील अपघाताचा अभ्यास केला जातो.

या घटनेची सुरुवात दीड वर्ष आधी व दुसऱ्याच गावी झाली. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अणुभट्टीचा दाब उतरवणारी झडप उघडली आणि ती पुन्हा बंद झाली नाही. भट्टी थंड ठेवणारे पाणी त्या वाटेने बाहेर पडू लागले. मात्र दाबनियंत्रक टाकीतील पातळी चढलेली दिसत असल्यामुळे यंत्रणेत पाणी भरपूर आहे असा चालकांचा समज झाला व त्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा बंद केला. केंद्र त्या दिवशी पूर्ण क्षमतेच्या सुमारे ९ टक्के शक्तीवरच चालू होते आणि झडप उघडी असल्याचे सुमारे वीस मिनिटांत लक्षात आले. त्यामुळे भट्टीची हानी टळली.

या भट्ट्या बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतील अभियंत्यांनी घटनेचे मर्म अचूक ओळखले होते. नोव्हेंबर १९७७ आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांनी अंतर्गत टिपणे लिहिली. अशा प्रसंगी चालकांनी आपत्कालीन पाणी घाईने बंद करू नये, अशी स्पष्ट सूचना कंपनीची भट्टी वापरणाऱ्या सर्व केंद्रांना द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. भट्टी भर शक्तीवर असताना हेच घडले तर परिणाम गंभीर होतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. टिपणे एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली. सूचनेच्या एका तांत्रिक बाजूविषयी शंका निघाली, तिचे निरसन कोणी करायचे हे ठरले नाही, आणि महिने उलटले. केंद्रांना सूचना गेलीच नाही.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माईल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या भट्टीचा पाणीपुरवठा खंडित झाला. भट्टी जवळजवळ पूर्ण शक्तीवर होती. ती काही सेकंदांत आपोआप बंद पडली, दाब उतरवणारी झडप उघडली आणि तशीच अडकून राहिली. नियंत्रणकक्षातील दिवा विझला. चालकांनी त्याचा अर्थ झडप बंद झाली असा घेतला. वस्तुतः झडपेला बंद होण्याचा आदेश गेला आहे एवढेच तो दिवा सांगत होता. ती बंद झाली की नाही हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. आदेश आणि अंमलबजावणी यांतील अंतर कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला परिचयाचे असते. येथे ते एका दिव्याच्या जोडणीत दडलेले होते.

पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकाच वेळी सुरू झाले. त्यांपैकी गौण इशारे दाबून ठेवण्याची किंवा महत्त्वाचे वर आणण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. इशारे क्रमाने छापणारे यंत्र घटनांच्या मागे पडत गेले. चालक कागदावर जे वाचत होते ते तासाहूनही अधिक जुने होते. डेव्हिस-बेसीतील चालकांप्रमाणेच याही चालकांनी टाकीतील पातळीवर विश्वास ठेवून आपत्कालीन पाणी कमी केले. दोन तासांहून अधिक काळ झडपेतून पाणी जात राहिले. नव्याने कक्षात आलेल्या एका पर्यवेक्षकाच्या सांगण्यावरून त्या वाटेवरची दुसरी झडप बंद करण्यात आली, तेव्हा कुठे गळती थांबली. पण तोवर भट्टीचा गाभा उघडा पडला होता. गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला होता, हे पुढे अनेक वर्षांनी उघड झाले. ३० मार्च रोजी राज्यपालांनी पाच मैलांच्या परिसरातील गर्भवती स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुले यांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला. ही भट्टी पुन्हा कधीही सुरू झाली नाही.

गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने ऑक्टोबर १९७९ मध्ये अहवाल दिला. चालकांच्या चुका मान्य करूनही आयोगाने दोषाचा मोठा वाटा व्यवस्थेवर टाकला. आधीच्या घटनेपासून मिळालेला धडा ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, हा त्या अहवालातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. त्याच वर्षी अमेरिकेतील अणुविद्युत कंपन्यांनी एकत्र येऊन अणुऊर्जा परिचालन संस्था स्थापन केली. सर्व केंद्रांतील घटनांचे अहवाल जाणकारांकडून तपासून घेणे आणि त्यांतील महत्त्वाच्या निवडक घटनाच शिफारशींसह इतर केंद्रांना कळवणे, हे तिच्या कामांपैकी एक आहे. सगळ्यांना सगळे कळवण्याचा मार्ग तिने पत्करला नाही.

इशाऱ्यांची मर्यादा

थ्री माईल आयलंडनंतरही इतर उद्योगांत इशाऱ्यांची संख्या वाढतच गेली. संगणकीय नियंत्रणामुळे नवा इशारा जोडणे विनासायास झाले होते आणि न जोडल्याचा ठपका घेण्यास कोणी तयार नव्हते. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वीच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन चालकांसमोर २७५ इशारे आले होते, असे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाच्या १९९७ च्या अहवालात नमूद आहे. म्हणजे दर अडीच सेकंदांना जवळजवळ एक. इतक्या वेगाने आलेला इशारा वाचणेही शक्य नसते. तो फक्त बंद करता येतो.

यानंतर १९९९ मध्ये उद्योगांच्या एका ब्रिटिश संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या परिस्थितीत दर दहा मिनिटांना सरासरी एकाहून अधिक इशारा नसावा असा दंडक सुचवण्यात आला. ज्या इशाऱ्यावर चालकाला काहीच करायचे नसते तो इशारा नव्हेच, ही त्यामागील कसोटी कार्यालयीन पत्रव्यवहारालाही लागू पडण्यासारखी आहे.

ज्ञानाचा लोप

माणसे निवृत्त होतात किंवा काम सोडून जातात तेव्हा त्यांच्याबरोबर अव्यक्त ज्ञानही जाते. अमेरिकेच्या चांद्रमोहिमांतील सॅटर्न-५ अग्निबाणाचे आराखडे हरवले, ही लोकप्रिय समजूत चुकीची आहे. आराखडे जतन केलेले आहेत. परंतु २०१२–१३ च्या सुमारास नासाच्या तरुण अभियंत्यांनी त्यातील एफ-१ इंजिनाचा नव्याने अभ्यास केला तेव्हा प्रत्यक्ष इंजिन खोलून मोजावे लागले. जोडकाम करणाऱ्या कारागिरांनी जागेवर केलेल्या बारीकसारीक दुरुस्त्या आणि युक्त्या आराखड्यांत उतरल्याच नव्हत्या.

नासाने अनुभवांच्या नोंदींसाठी उभारलेला संगणकीय साठाही या संदर्भात उद्बोधक आहे. संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत प्रकल्पप्रमुख त्याचा क्वचितच उपयोग करतात असे आढळले. नोंद करणे हे नियमात बसत होते. ती शोधून वाचणे कोणाच्याही दिनक्रमात बसत नव्हते.

याउलट झेरॉक्स कंपनीतील युरेका या उपक्रमाला यश आले. प्रतियंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ नियमपुस्तिकेपेक्षा एकमेकांनी सांगितलेल्या हकिकतींवर अधिक विसंबतात, हे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी त्यांच्यात वावरून दाखवून दिले होते. युरेकामध्ये तंत्रज्ञाने सुचवलेली युक्ती आधी अनुभवी तंत्रज्ञ तपासत आणि पटली तरच ती सुचवणाऱ्याच्या नावासह सर्वांना उपलब्ध होई. या उपक्रमाला प्रारंभी फ्रान्समध्ये चालना मिळाली. चाळणी आणि श्रेय या दोन गोष्टींमुळे साठा लहान पण विश्वासार्ह राहिला.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था जगभरातील व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत शिकवली जाते. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये तिच्यावर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केले. तिची वाखाणणी सहसा अचूकतेसाठी होते. ज्ञान व्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे ती डब्याच्या झाकणावरील खुणांची काटकसर. डबा कोणत्या स्थानकावर उतरवायचा, तेथून कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर न्यायचा, एवढेच मोजक्या अक्षरांत, आकड्यांत व रंगांत लिहिलेले असते. ग्राहकाच्या घरचा पूर्ण पत्ता त्यात नसतो, कारण घरून डबा उचलणाऱ्याला तो रोजच्या फेरीमुळे ठाऊक असतो. नवा माणूस जुन्याबरोबर फिरून तो शिकतो. पुढच्या हाताला जे कळणे आवश्यक आहे ते झाकणावर आणि बाकीचे माणसापाशी, अशी ही विभागणी आहे. दीर्घकाळ एकाच मार्गावर काम करणारी माणसे नसतील तर ती टिकणार नाही, ही तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे.

पुण्यातील पेशवे दफ्तराची स्थिती याच्या उलट आहे. रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद तेथे जपलेले आहेत आणि त्यांतील मराठी कागद मुख्यतः मोडी लिपीत आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला वेगळी गती मिळाली. निवड झाली म्हणून हे कागद वाचकांपर्यंत आले. मात्र निवडणाऱ्याने जे बाजूला ठेवले त्यात काय आहे, हा प्रश्न उरतोच. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून हद्दपार झाली, आणि आज हे दफ्तर वाचू शकणाऱ्यांची संख्या कागदांच्या मानाने अत्यल्प आहे. कागद सुरक्षित असूनही तो वाचण्याचे कौशल्य हातातून सुटले तर काय होते, याचे हे घरचे उदाहरण होय. मोडी शिकवणारे वर्ग विविध संस्था चालवतात. तथापि अक्षरओळख झाली तरी शिकस्ता वळणाचा कागद सलग वाचण्यास दीर्घ सराव आणि जाणत्याची सोबत लागते.

आक्षेप

ज्ञान हे माणसाच्या मनात असते. संस्था व्यवस्थापन करते ते फक्त कागदांचे आणि संदेशांचे, त्यामुळे ही संज्ञाच फसवी आहे, असा आक्षेप ब्रिटिश अभ्यासक टॉम विल्सन यांनी २००२ मध्ये घेतला. संगणकप्रणाली विकणाऱ्यांनी जुन्याच मालाला नवे नाव दिले, असेही त्यांचे म्हणणे होते. कामगारांच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप निराळा आहे. कारागिराच्या हातातील कसब लिहून काढले की त्याला बदलणे सोपे होते. मग त्याने ते मोकळेपणाने का सांगावे? युरेकासारख्या उपक्रमांत सुचवणाऱ्याचे नाव राखले गेले, त्यामागे या शंकेची जाणीव दिसते. अतिभाराविरुद्धच्या उपायांवरही एक रास्त हरकत आहे. चाळणी लावणारा माणूस चुकला तर महत्त्वाची गोष्टच गाळली जाते. बॅबकॉक अँड विल्कॉक्समधील टिपणे गर्दीत हरवली नव्हती. ती नेमक्या अधिकाऱ्यांच्या मेजांवर पोहोचली होती आणि तेथेच थांबली होती.